अमरावतीच्या मंडळीने वडील निवडला

अमरावतीच्या परकोटाबाहेर, नागपुरी वेशीपासून हाकेच्या अंतरावर, कापसाची एक वखार होती, आणि त्या वखारीत दर रविवारी सकाळी रेव्हरंड भगवंत गंगाधर अंजनगावकर हे गृहस्थ माणसांना स्वतःच्या बुद्धीने वागायला शिकवत असत. साल अठराशे बासष्ट. त्या साली अमरावतीत स्वतःच्या बुद्धीने वागणाऱ्यांची मुळीच वाण नव्हती. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडातलं बोंड न् बोंड लोक हातोहात उचलत होते. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. अशा दिवसांत कोणी पापाविषयी बोलू लागलं, की लोक आदबीने ऐकून घेत आणि मग आज भाव काय फुटला ते विचारत.

भगवंतराव मूळचे अंजनगावच्या जोशी घराण्यातले. पंचांग सांगणं, मुहूर्त काढणं हा घरचा उद्योग. पण लहानपणापासून त्यांना एक खोड होती: जे चाललंय ते कोणाच्या हुकमाने चाललंय, हे विचारायचं. वडिलांना त्यांनी विचारलं, "ग्रहण लागतं म्हणून आपण सांगतो, की आपण सांगतो म्हणून लागतं?" वडिलांनी थोबाडीत दिली. धर्मावरची ही त्यांची पहिली चर्चा. पुढे नागपूरला मिशनच्या शाळेत गेले. तिथल्या स्कॉच पाद्र्यांशी तीन वर्षं वाद घातला आणि चौथ्या वर्षी वादात हरले म्हणून बाप्तिस्मा घेतला. घरच्यांनी जिवंतपणीच त्यांचं श्राद्ध उरकलं. त्यावर भगवंतरावांनी निरोप धाडला, की काका मंत्र म्हणत असतील तर ते चुकले असणार, पुन्हा एकदा करून घ्यावं.

बायकोला माहेरच्यांनी दोन वर्षं अडवून धरलं होतं. एके दिवशी कौशल्याबाई स्वतःच गाडी करून नागपूरला आल्या. भगवंतरावांचा ऊर भरून आला. त्यांनी विचारलं, "म्हणजे धर्म पटला तर!"

"नाही," कौशल्याबाई म्हणाल्या. "आधी नवरा पटतो का ते बघते."

पुढे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा पटला की नाही, ते मात्र कधी सांगितलं नाही.

आता भगवंतराव ज्या पंथात गेले, त्याचं नाव प्रेसबिटेरियन. नाव उच्चारताना वऱ्हाडी जीभ तीनदा अडखळते, पण गोष्ट सोपी आहे. या पंथात महंत नाही, मठाधिपती नाही, वरून हुकूम सोडणारा बिशप नाही. मंडळीतली, म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणारी, माणसं हात वर करून आपल्यातलेच काही पंच निवडतात. त्या पंचांना म्हणतात वडील, आणि पाद्र्याने त्यांच्या सल्ल्याने चालायचं. येशूच्या चमत्कारांपेक्षा भगवंतरावांना हाच चमत्कार मोठा वाटे. पाटलाचा मुलगा पाटील, देशमुखाचा मुलगा देशमुख, जोशाचा मुलगा जोशी, हे पाहत ते लहानाचे मोठे झालेले. इथे कोणी जन्माने कोणी नाही! या विषयावर त्यांनी एक पुस्तिका लिहून मुंबईला छापवून घेतली होती. तिच्या बहुतेक प्रती त्यांच्याच खाटेखाली सुखरूप होत्या.

एकच अडचण होती. ज्या मंडळीला निवडलेले दोन वडील नाहीत, ती मंडळी स्वतंत्र नाही, असा नियम. त्यामुळे अमरावतीचं ठाणं नागपूरच्या मिशनचे प्रमुख डंकन साहेब यांच्या हाताखाली होतं. बाप्तिस्मा कोणाला द्यावा, स्तोत्र कोणतं म्हणावं, वखारीचं छप्पर कधी शाकारावं, सगळ्याला नागपूरहून चिठ्ठी यावी लागे. चिठ्ठी येईपर्यंत छप्पर गळे. दोन वडील झाले की वऱ्हाडातली पहिली स्वतःच्या पायावर उभी मंडळी होणार होती, आणि भगवंतराव साहेबांच्या शेजारी बरोबरीने बसणार होते. ही बरोबरीची खुर्ची त्यांच्या स्वप्नात येई. ती आपल्याला मानासाठी नको, तत्त्वासाठी हवी, असं ते स्वतःला सांगत, आणि स्वतःवर त्यांचा विश्वास होता.

मंडळी होती चौदा जणांची. त्यात किसनराव म्हणजे मोठं प्रस्थ, बाळापूरकडचा जमीनवाला कुणबी. कापसाने असा काही वर आला, की ज्या देवाने हे दिलं तो कोणता, याची चौकशी करत करत ख्रिस्ती झाला. बाप्तिस्मा झाल्यावर कळलं, की अमरावतीत त्याची एक बायको आहे आणि बाळापूरला दुसरी. भगवंतरावांनी ही बातमी नागपूरला कळवायचं ठरवलं होतं. ते अजून ठरलेलंच होतं. दुसरे रामराव, अडतीच्या दुकानातले कारकून. अक्षर मोत्यासारखं आणि मत कसलंच नाही. नत्थुजी गाडीवान. आणि मैनाबाई.

मैनाबाई विधवा. हातचरखीवर कापसातली सरकी काढायला ज्या बायका येत, त्यांची ती मुकादमीण. केसांत, भुवयांत कायम कापसाची पिंज. लिहिता येत नव्हतं. पण मंडळीत नवराबायकोचं भांडण झालं, कोणाचं पोर तापलं, कोणाचा बैल हरवला, की सगळे आधी तिच्याकडे जात आणि मग रविवारी भगवंतरावांच्या कानावर घालत. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली, तेव्हा किसनरावाला बाळापूरची फार आठवण झाली आणि तो तिकडे गेला. रामरावांना पोटाचा त्रास आधीपासूनच होता, म्हणून ते घरी थांबले. भगवंतरावांनी रोज प्रार्थना केली. आजाऱ्यांचे कपडे धुतले मैनाबाईने आणि कौशल्याबाईंनी.

भगवंतरावांनी लोकांना निवडणूक शिकवायला घेतली ती अगदी मुळापासून. पहिल्या दिवशी विचारलं, "आज उपदेश आत व्हावा की झाडाखाली? झाडाखाली म्हणणाऱ्यांनी हात वर करा." कोणी हात हलवला नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. पाद्रीबावांना काय पाहिजे ते कळल्याशिवाय हात वर करायचा कसा? भगवंतराव चिडले. मग त्यांना एक युक्ती सुचली. ते भिंतीकडे तोंड करून, लोकांना पाठ दाखवून उभे राहिले आणि प्रश्न विचारला. मोजणी रामरावांनी करायची. लोक आधी हसले. मग कोणाचा तरी हात वर गेला. वर्षभरात मंडळी अशी तयार झाली, की नत्थुजीने एकदा उपदेश लांबतो म्हणून ठराव मांडला आणि तो पास झाला. भगवंतराव घरी आले ते आनंदाने लाल होऊन. "मला हरवलं त्यांनी!" ते म्हणाले. कौशल्याबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

चौसष्टच्या जानेवारीत डंकन साहेब बैलांच्या दमणीतून धूळ खात अमरावतीला आले. वखार मालकाने गाठींसाठी कधीच काढून घेतली होती. कापसाची गाठ भाडं देते, पापी माणूस काय देतो? तेव्हा मंडळी भरली ती भगवंतरावांच्या अंगणातल्या मांडवात. साहेब खुर्चीवर बसले. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि भगवंतराव तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

नावं आली. किसनराव. रामराव. एवढ्यावर थांबेल असा भगवंतरावांचा हिशेब होता. तेवढ्यात नत्थुजी उठला.

"आमच्या मैनाबाईचं नाव घ्या बाप्पा. ते काहून नाही?"

भगवंतराव तेव्हा आधीच भिंतीकडे तोंड करून उभे होते. नियम म्हणजे नियम. प्रत्येकाने दोघांसाठी हात वर करायचा होता. मागून रामरावांचा आवाज आला: किसनराव, चार. त्यात एक किसनरावाचा स्वतःचा, एक बायकोचा आणि दोन त्याच्या सालदारांचे. रामराव, सात. मैनाबाई. इथे रामराव अडखळले, पुन्हा मोजू लागले आणि म्हणाले, "अकरा."

भगवंतराव वळले. हात अजून वरच होते. पहिल्या ओळीत कौशल्याबाईंचा होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना इतका आनंद झाला, की ते दोन पावलं पुढे आले. धनाढ्याला चार आणि सरकी काढणारीला अकरा! हेच तर ते सांगत आले होते. मग त्यांची नजर साहेबांकडे गेली.

साहेबांचं मराठी पुस्तकी होतं, पण नकार देण्यापुरतं पुरेसं होतं. त्यांनी शास्त्र उघडलं. "वडील हा एका स्त्रीचा पती असावा, असं लिहिलं आहे," ते म्हणाले.

"मले तं एकबी बायको नाही," मैनाबाई म्हणाली. "हे खरं हाय."

मांडव हसला. नत्थुजी मोठ्यांदा म्हणाला, "एका स्त्रीचा? मंग किसनरावचं कसं…" आणि भगवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. नत्थुजी खाली बसला. साहेबांनी काय म्हणून विचारलं, तेव्हा भगवंतराव म्हणाले, "काही नाही, अडाणी माणूस आहे." ज्या पोपांवर, बिशपांवर, शंकराचार्यांवर त्यांनी आयुष्यभर तोंडसुख घेतलं होतं, त्या सगळ्यांपैकी कोणीही यापेक्षा सफाईने खोटं बोलला नसता.

साहेबांनी इंग्रजीत हळूच सांगितलं, की आज दोन योग्य वडील झाले नाहीत, तर हा विषय पुढच्या दोनतीन वर्षांत निघणार नाही. भगवंतरावांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग ते मैनाबाईजवळ गेले.

"मैनाबाई, तुम्ही स्वतःच नको म्हणा. म्हणजे कोणाचंच मन दुखणार नाही."

"मी कुठं पायजे म्हनलं, पाद्रीबावा? हात यायनं वर केले. यायलेच सांगा." तिने भुवईतली पिंज पुसली. "पन मले एक समजावून द्या. बाईचा हात मोजता तुमी. मंग बाईले काहून मोजत नाही?"

भगवंतरावांनी काशीच्या पंडितांना निरुत्तर केलं होतं. ज्याला उत्तर सुचत नाही तो कामाची घाई करतो. ते म्हणाले, "पुन्हा मोजणी होईल. किसनराव आणि रामराव, दोघांची मिळून एकदम." आणि या वेळी ते भिंतीकडे वळले नाहीत. समोर उभे राहिले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. नत्थुजीचा हात वर गेला. सालदारांचे गेले. मैनाबाईनेही हात वर केला; परक्या माणसासमोर पाद्रीबावाची फजिती नको, एवढंच तिच्या मनात होतं. तेरा हात झाले. चौदावा कौशल्याबाईंचा, तो पदराखालून बाहेर आला नाही.

साहेबांनी वहीत लिहिलं, जवळजवळ एकमत. भगवंतराव खुर्चीवर बसले. खुर्चीचा एक पाय आखूड होता.

त्यानंतर मंडळीत जी शिस्त आली, ती पाहून साहेब थक्क झाले. कोणत्याही विषयावर मतभेद म्हणून नाही. भगवंतराव आता पाठ फिरवत नसत. गरजच उरली नव्हती. प्रश्न अर्ध्यावर असतानाच हात वर जात. एकदा त्यांनी विचारलं, "कोणाला काही बोलायचं आहे का?" चौदापैकी तेरा हात वर गेले, आणि बोलायचं कोणालाच काही नव्हतं.

वडील म्हणून रामरावांनी ठराव सुरेख अक्षरात लिहिले. किसनरावाने प्रार्थना करण्याचं काम अंगावर घेतलं. "हे प्रभू," तो डोळे मिटून गदगदून म्हणे, "अमेरिकेत जे लढून राहिले, त्या दोन्ही बाजूंले बळ दे." भगवंतरावांना आमेन म्हणावं लागे. पासष्टमध्ये लढाई थांबली, भाव कोसळले, शिंगांवरच्या शेंब्या सराफाकडे परत गेल्या. किसनरावाचं मत पडलं, की मंडळीने आमेन पुरेसं मनापासून म्हटलं नाही. वखार ओस पडली आणि मालक स्वतः येऊन ती पुन्हा वापरा म्हणू लागला. मंडळी वखारीत परतली. भांडणं, तापलेली पोरं, हरवलेले बैल अजूनही मैनाबाईकडेच जात होते, पण आता रविवारी कोणी ते भगवंतरावांच्या कानावर घालत नसे.

एका दुपारी जेवताना भगवंतराव म्हणाले, "माणसं नव्हेत ही, मेंढरं आहेत. मी त्यांना एवढं शिकवलं!"

कौशल्याबाई वाढता वाढता थांबल्या. "मेंढरं नव्हती हो. अकरा हात होते. ते तुम्ही खाली करवलेत, एकेकाच्या तोंडाकडे बघून. मी समोरच बसले होते."

"नियम होता."

"किसनरावांसाठी नव्हता का?"

भगवंतराव ताटावरून उठले. रागावले होते ते बायकोवर, असं त्यांना पहिले तीन दिवस वाटलं. मग लाज वाटू लागली, आणि ती कमी होईना. जोशीपण सोडलं, घर सोडलं, आईचं तोंड पुन्हा पाहायला मिळालं नाही, ते सगळं कशासाठी? एका लंगड्या खुर्चीसाठी!

सदुसष्टच्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी उपदेश न करताच ते वखारीत उभे राहिले. किसनरावाच्या दोन बायकांचं आपल्याला ठाऊक होतं, तरी आपण साहेबांसमोर गप्प बसलो, हे सांगितलं. किसनरावाने छताकडे पाहिलं. मैनाबाईला मंडळीने खरोखर निवडलं होतं आणि आपण स्वतःच्या मानासाठी ती निवड मोडली, हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "असा माणूस तुमचा पाद्री राहू नये. मी हे पद सोडावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

भगवंतराव मनापासून बोलले होते, पण माणूसच ते. त्यांना आत कुठेतरी खात्री होती, की आता नत्थुजी रडेल, कोणी पाय धरेल, दहा जण नाही नाही म्हणतील, आणि मग आपण जड मनाने राहू.

भराभर हात वर गेले. किसनरावाचा सर्वांत आधी. नत्थुजीचा, सालदारांचे, रामरावांचा लेखणीसकट. एकटी मैनाबाई हात मांडीवर ठेवून बसली होती.

भगवंतरावांचा चेहरा पांढरा पडला. ते पाहून मैनाबाई उठली.

"असं तोंड नका करू, पाद्रीबावा. हे लोक तुमाले जा म्हनून नाही राहिले. तुमी हात वर करा म्हनलं, यायनं केले. आता खाली करा म्हना, करतीन खाली."

"खाली करा," भगवंतराव म्हणाले.

हात खाली आले. बांगड्या किणकिणल्या. एक हात मात्र वर राहिला होता.

"तूसुद्धा," भगवंतराव म्हणाले.

"ऐकलं मी," कौशल्याबाई म्हणाल्या. हात तसाच होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांनी दुसरा हात वापरला.

रामरावांनी लेखणी दौतीत बुडवली. "काय लिहू?"

"बाजूने एक," भगवंतराव म्हणाले. "विरुद्ध कोणी?"

सगळ्यांनी सवयीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काय करावं ते त्या तोंडावरून आज कोणालाच समजेना. हात मांड्यांवरच राहिले.

"विरुद्ध कोणी नाही. ठराव मंजूर." जवळजवळ चार वर्षांत या मंडळीने मंजूर केलेला हा पहिलाच खरा ठराव होता, आणि तो बरोबर होता, हे भगवंतरावांना कळत होतं. फार दुखत होतं, तरी कळत होतं. ते पुढून निघाले आणि सतरंजीवर नत्थुजीशेजारी येऊन बसले. नत्थुजीने गडबडून जागा करून दिली.

समोर आता कोणीच उभं नव्हतं. तरी सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग मैनाबाईने कोणालाही न विचारता स्तोत्र सुरू केलं, आणि मंडळी तिच्यामागे म्हणू लागली. दुसऱ्या ओळीला भगवंतरावही.